ट्यूबलेसचे सुख आणि दुपारची झटापट

आज सकाळी सायकल चालवताना मागच्या ट्यूबलेस टायरमधून फुस्स असा आवाज आला आणि पोटऱ्यांवर पांढऱ्या सीलंटचे, म्हणजे टायरमधल्या छिद्र बुजवणाऱ्या द्रवाचे शिंतोडे उडू लागले. मी थांबून पाहीपर्यंत काचेने पाडलेले छिद्र बुजलेही होते. दाब ७० वरून ५० पीएसआयपर्यंत उतरला होता, एवढेच. शिवाय ट्यूबच नसल्यामुळे खड्ड्याच्या कडेवर ती रिमखाली चिमटली जाण्याची भीती नसते, त्यामुळे हवा थोडी कमी ठेवता येते आणि खडबडीत रस्त्यावर मनगटांना बसणारे हादरे चांगलेच कमी होतात.

घरी आल्यावर मात्र या सुखाची किंमत मोजावी लागली. पुढचे टायर उघडले, तर लॅटेक्सचे सीलंट काही महिन्यांत वाळून आतून रबरी सालीसारखे चिकटले होते. (ते नखांनी सोलण्यात एक विचित्र समाधान आहे, हे कबूल करतो.) नवे सीलंट भरून टायर रिमवर चढवताना अंगठे सोलवटले, आणि टायरच्या कडा रिमवर जागेवर बसण्यासाठी एकदम जोराचा हवेचा झोत लागत असल्यामुळे साध्या पंपाने तिसऱ्या प्रयत्नात कुठे तो ओळखीचा ‘टक्’ आवाज ऐकू आला. टायरची कड धरून ठेवणारा आतला वाक, म्हणजे हुक नसलेल्या रिमवर तर ५ बारची, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची मर्यादा पाळावीच लागते.

२८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरसाठी मी ट्यूबलेसच निवडेन. अरुंद टायरमधील जास्त दाब सीलंटला छिद्रात सहज टिकू देत नाही. मोठा काप गेल्यास सीलंट हतबल ठरते, म्हणून खोगिराखालच्या पिशवीत सुटी ट्यूब अजूनही आहे.