आमची वाटचाल : आठ महिन्यांत परत आलेली पिकअप

गॅरेज सुरू केलं तेव्हा आमचं भांडवल म्हणजे एक गॅस वेल्डिंगचा सेट, दोन हातोड्या, एक डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि मदतीला धाकटा भाऊ. गंजाचं काम तर अगदीच सोपं वाटायचं. तारेचा ब्रश मारायचा, भोकावर पत्रा चढवायचा, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून घासायची आणि रंग मारायचा. संध्याकाळपर्यंत गाडी चकाचक.

मग एक जुनी पिकअप आली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका पोखरला होता की मॅट उचलली की जमीन दिसायची. दाराखालचा रॉकर, म्हणजे पत्र्याचा पोकळ पट्टा, अंगठ्याने दाबला तरी आत जायचा. आमच्या रीतीने चार दिवसांत ती उरकली. आठ महिन्यांनी तीच गाडी परत दारात! रंगाला फोड आलेले, आणि एक फोड खरवडला तर लांबीची अख्खी खपली हातात आली. मालक काका वयाने मोठे. ओरडले नाहीत, "आता नीट करून दे," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा रॉकर पूर्ण कापून उघडला. आत मूठ-मूठ ओला चिखल. आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून रॉकरच्या तळाला मुळातच भोकं ठेवलेली असतात. त्यातली काही मातीने बुजली होती. बाकीची आम्हीच बुजवली होती, काम सफाईदार दिसावं म्हणून, वेल्डिंग मारून! शिवाय नवा पत्रा गंजलेल्या पत्र्यावरच चढवलेला. दोन्हींच्या फटीत पाणी मुरलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगला आणि आमचे वेल्डिंगचे टाके आतूनच उचकटले. दुसऱ्यांदा ते काम फुकट केलं, आणि तिथून आमची पद्धत बदलली.

आता आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जातो. आवाज बद्द आला की तिथपर्यंत कापायचं, स्वच्छ चमकणारा पत्रा लागेपर्यंत. गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेर नखाएवढा फोड असेल तर आत तळहाताएवढी जागा गेलेली असते. गिऱ्हाइकाला हे पटवणं वेल्डिंगपेक्षा अवघड. म्हणून उघडल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगत नाही. यावरून काही गाड्या हातच्या गेल्या, त्याला इलाज नाही.

फ्लोअरला, म्हणजे पायाखालच्या पत्र्याला, 18 गेज, म्हणजे साधारण 1.2 मिमीचा पत्रा. बाहेरच्या पॅनलला 20 गेज, म्हणजे त्याहून पातळ. फ्लोअरवर पत्रा थोडा चढवून जोडला तरी चालतो, पण सांध्याला दोन्ही बाजूंनी सीलर (फट बंद करणारा लेप) हवाच. बाहेर मात्र कडेला कड भिडवूनच. पुढे सीओटू मशीन, म्हणजे वायरने वेल्डिंग करणारं, घेतलं, 0.6 मिमीची वायर लावली, तरी सुरुवातीला पत्रा तापून पापडासारखा वाकायचा. भावाला एका दमात लांब ओळ मारायची हौस. आता एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. वेळ लागतो.

अजून एक चूक सांगायलाच हवी. एका गाडीचा रॉकर आणि फ्लोअर आधार न देता एकदमच कापला. नवा पत्रा बसवला तर दार लागेना. केबिन किंचित बसली होती. तीन दिवस ते सगळं पुन्हा सोडवण्यात गेले. तेव्हापासून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप टाक्यांनी पक्का करतो आणि दाराच्या फटी मोजून खडूने लिहून ठेवतो.

बाकी सावधगिरी नेहमीचीच. बॅटरी सोडायची, सीट-मॅट बाहेर, डिझेलची लाइन बाजूला, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेचं जस्त आधी घासून काढतो, कारण त्या धुराने रात्री कणकण येते. मी एकदा भोगलीय. वेल्डिंग संपलं, रंग झाला, की शेवटी रॉकरच्या पोकळीत मेण फवारतो. आधी फवारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने तेच पेट घेतं.

भावाने एक सवय स्वतःच लावून घेतलीय. मॅट बसवण्याआधी टपावर आणि काचेवर पाइपने पाणी सोडायचं आणि आत टॉर्च घेऊन आडवं पडायचं. फ्लोअर सडतो खाली, पण पाणी शिरतं पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून, नाहीतर बॉनेटमागे पाला अडकलेल्या खोबणीतून. ते न शोधता नवा फ्लोअर बसवला तर तोही सडणार.

काकांची पिकअप अजून आमच्याकडेच येते. गाडी ताब्यात घेण्याआधी काका खिशातून सायकलच्या चाकाची एक तार काढतात, गुडघ्यावर बसतात आणि रॉकरखालची भोकं एकेक करून तपासतात. आम्ही दोघं बाजूला उभे राहतो.