पाडीची किंमत

वनरक्षकाचा फोन आला. "साहेब, वाघान पाडी मारल्यान म्हणतत. पीएमाक येवा." पाडी म्हणजे कालवड, पीएम म्हणजे शवविच्छेदन; ते करायचं मी, गुरांच्या डॉक्टरने. देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, बिबट्याला बिबट्या कोणी म्हणत नाही.

पाडीच्या मालकीण काकींनी ती जागची हलवली नव्हती. वर माडाची चुडतं टाकली होती आणि कुत्री येऊ नयेत म्हणून रात्रभर कंदील घेऊन स्वतः राखण केली होती. ४८ तासांत खबर द्यायची, पंचनाम्याआधी जनावर हलवायचं नाही. या दोन अटींवर कितीतरी जणांची वनखात्याकडची भरपाई अडलेली मी पाहिली आहे.

गळ्यावर सुळ्यांची चार भोकं. कुत्री मागून धरतात, मांड्या फाडतात. गळ्याची कातडी सोलली तर आत रक्त काळंनिळं साकळलेलं. मेल्यावर कोणी चावलं असतं तर असं साकळलं नसतं. जांभ्यावर ठसा कुठला उमटायला? पण शेणाच्या गायरीच्या कडेला एक मिळाला. वनरक्षकाने लगेच त्यावर टोपली पालथी घातली.

इथवर सोपं होतं. अडलो ते बाजारभावाच्या रकान्यात.

गाय-म्हैस-बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. सत्तर हजार ऐकायला बरे वाटतात, पण ते संकरित गाईवाल्याच्या कामाचे. ही आमची कोकण कपिला. बुटकी, काटक, भर पावसात सडाभर चरून आपली आपण घरी येणारी, दूध जेमतेम. २०१८ साली या जातीची राष्ट्रीय नोंद झाली, म्हणून काही गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजत नाही. त्यात ही दीड वर्षाची, अजून गाभणही नसलेली.

"किती लिवतास?" काकींनी विचारलं.

"दहा हजार." म्हणजे हातात साडेसात.

"बाजारात तेवढेच येतत, काकी," मीच पुढे म्हटलं.

"मी खंय तिका इकूक काढलेलंय?"

यावर काय बोलणार? दहाचे खोडून बारा केले, शेजारी सही केली. माझी धाव तेवढीच. त्याहून वर लिहिलं असतं तर कागद शेरा मारून परत आला असता आणि काकींचे आणखी दोन महिने गेले असते.

दिवस चांगला वर आला होता, कंदील अजून जळत होता. जबाबावर अंगठा उठवून काकींनी बोट लुगड्याला पुसलं.

"आता पुरू काय तिका?"