आईच्या जात्यावरून उभी राहिलेली डाळ मिल: आमची वाटचाल

आमच्या डाळ मिलचा परवाना माझ्या नावावर आहे, पण मिल आईची. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावाहून आमची डाळ नेणाऱ्यांनाही कळावं, म्हणून लिहितो आहे.

दारव्हा रोडवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. आई लग्न होऊन आली तेव्हा युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था, यवतमाळात होती. तिथल्या काही कुटुंबांना ती घरच्या तुरीची डाळ करून द्यायची. तुरीला तेल-पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायची, कडक ऊन द्यायचं, जात्यावर भरडायचं आणि सुपानं टरफल पाखडायचं. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली आणि ही ठरलेली गिऱ्हाइकं संपली. आईनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि आसपासची खेडी, तांडे धरले. तांड्यावरच्या बायांकडे रोकड नसायची. त्या म्हणायच्या, आमचीच तूर घेऊन जा अन् डाळ करून दे. आमचा भरडाईचा धंदा असा सुरू झाला.

पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिल आम्ही बसवली. त्या वर्षीच्या कापसाचा सगळा पैसा त्यात गेला, वर बँकेचं कर्ज. 100 किलो तुरीतून 70 ते 75 किलो डाळ निघू लागली. एवढा उतारा जात्यावर कधी पडला नव्हता. आई दिवसभर मशीनजवळ उभी राहायची, हातात डाळ घेऊन दाण्याची कोर बघायची.

मिल आली तसा रविवारचा प्रश्न आला. आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारचा. लोक बाजाराला येतानाच तुरीची पोती आणणार, आणि नेमकी त्याच दिवशी मिल बंद! त्यात लोडशेडिंगची ती वर्षं. वीज कधी येईल याचा नेम नसायचा. एका रविवारी सकाळीच थ्री फेज आली तेव्हा मी आईला म्हटलं, उपासनेला तुम्ही सगळे जा, मी मिल चालवतो. आई म्हणाली, "सहा दिवस देवानं तुलेच देल्ले नं बाप्पा, एक त्याले राहू दे."

पण आलेल्या माणसाला तिनं कधी परत पाठवलं नाही. पडवी उघडी ठेवायची, पोत्यावर खडूनं नाव लिहून घ्यायचं, चहा द्यायचा. वजन सोमवारी, मालक हजर नसताना व्हायचं. डाळ पुढच्या बाजाराला तयार. वजनावरून आमच्याकडे भांडण झाल्याचं मला आठवत नाही. एका बाजाराला पोतं टाकायचं आणि दुसऱ्या बाजाराला डाळ न्यायची, ही रीत आजही चालू आहे. आठवडाभराचं काम आधीच हाताशी असतं, ते यामुळेच.

2006 साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचा यवतमाळ जिल्हा होता. ज्या घरांतले कर्ते पुरुष कर्जापायी गेले, त्या घरी आई महिला मंडळाच्या बायांना घेऊन जायची. प्रार्थना करायची, पण आधी चूल पेटली की नाही ते बघायची. परतताना त्या बाईला सांगायची, सोमवारपासून निवडायला ये. आमच्या निवडण-टिपणाच्या पहिल्या बाया अशा आल्या. कोणी बौद्ध, कोणी कुणबी, कोणी बंजारा. त्यांची मजुरी शनिवारी दुपारीच द्यायची, म्हणजे रविवारच्या बाजाराला पैसे हातात असतील. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या आसपास गेली. व्यापारी रोज विचारायला यायचे, माल आहे का. आमच्या कोठीत माल होता. आईनं तो किरकोळ विक्रीलाच ठेवायला लावला, आणि एक ताकीद दिली: "मयतीच्या घरी भाव सांगाचा नाई." डाळ पोचवायची, तेरवी झाल्यावर ते स्वतः येतील तेव्हा हिशेब. बहुतेक जण आले. जे आले नाहीत, त्यांची नावं आईनं वहीत लिहूच दिली नव्हती.

रोज स्वयंपाकाला बसण्याआधी ती एक मूठ डाळ वेगळ्या डब्यात टाकायची. कापणीच्या सणाला तो डबा आणि हंगामाचं पहिलं पोतं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचं. तिथे अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. त्यात पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) बोली पुकारायचे आणि आई पुन्हा आपल्याच डाळीवर बोली लावायची. आम्ही मुलं वैतागायचो. तिचं म्हणणं, दिलेली वस्तू आता मंडळीची (चर्चच्या समाजाची), मी मंडळीकडून विकत घेते आहे.

गेल्या पावसाळ्यात आई प्रभूकडे गेली. दफनाला मंडळीनं गीतं गायली, आणि त्याच वेळी तांड्यावरच्या बाया आपल्या रीतीनं हेल काढून रडत होत्या. कोणी कोणाला थांबवलं नाही.

यंदा पॅकिंगचं मशीन घेतलं आहे. मुलगी हिशेब सांभाळते आणि भरडाईचे दर तिनं दारावर लावले आहेत. चुनी, म्हणजे भरडताना निघणारा डाळीचा चुरा, आम्ही ठेवून घेत नाही. ज्याची तूर त्याची चुनी, म्हणून तिच्यासाठी वेगळं पोतं सोबत आणावं. तूर नीट वाळलेली असावी, दाताखाली कडक वाजली पाहिजे. रविवारी आलात तर पोतं पडवीत ठेवा. चहा तयार असतो.