गल्ली परत खणली

गेल्या आठवड्यात आमची गल्ली परत खणली. मला वाटलं गटाराचं असेल, तोंड वाकडं करून निघालो होतो, बघतो तर खड्ड्यावर निळी ताडपत्री आणि आत केबल जोडणारा जॉइंटर मांडी ठोकून बसलेला, पुढ्यात कापलेली केबल, माझ्या मनगटापेक्षा जाड. आदल्या रात्री आमची लाइट नऊ तास गेली होती ती हिच्यापायी. तार डोक्यावरून गेलेली असली की तुटलेली वायरमनला खालूनच दिसते, पण इथे केबल जमिनीखाली, तुटलेली जागा दिसतच नाही, म्हणून गाडी येते, केबलमध्ये हाय व्होल्टेजचे ठोके सोडतात आणि एकजण कानाला हेडफोन लावून फुटपाथवर ऐकत फिरतो, ठक् कुठे मोठं येतंय ते. रात्री दोन वाजता अख्खी बिल्डिंग खाली उभी राहून हे बघत होती.

ताडपत्री कशाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, जॉइंटमध्ये जरा ओल राहिली ना, की पुढच्या पावसात परत इथेच खणायचं."

पण गल्लीतली केबल म्हणजे शेवटचं टोक हो. मुंबईचं मूळ दुखणं म्हणजे वीज शहरात आणायची कुठून, एवढ्या दाटीत टॉवर उभे करायला जागा कुठाय? 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय ना, सोमवार, सकाळी दहाचा सुमार, मी मीटिंगमध्ये म्यूटवर आणि अख्खं घरच म्यूट झालं. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. ठाण्याच्या बाजूला कळवा-पडघ्याकडच्या 400 केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइन ट्रिप झाल्या, आणि अशा वेळी शहराला ग्रिडपासून तोडून जवळच्या विजेवर चालू ठेवायचं ते आयलँडिंग, ते पण टिकलं नाही.

2023 मध्ये खारघर-विक्रोळी 400 केव्ही लाइन सुरू झाली तेव्हा मला जास्त अप्रूप वाटलं विक्रोळीच्या सबस्टेशनचं. ते जीआयएस आहे, म्हणजे स्विचगियर (वीज चालू-बंद करायची मोठी यंत्रणा) उघड्यावर नाही, सल्फर हेक्साफ्लोराइड गॅस भरलेल्या धातूच्या नळकांड्यांत बंद, त्यामुळे जे यार्ड मैदानभर पसरलं असतं ते थोडक्या जागेत बसतं. मुंबईत अजून काय करणार म्हणा. कुडूस-आरे लाइन तर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, आणि निम्म्याहून जास्त जमिनीखालून. एसी, म्हणजे घरात येते तशी दिशा बदलत राहणारी वीज, तिची केबल जमिनीखालून फार लांब नेली की ती कपॅसिटरसारखी स्वतःच चार्ज-डिस्चार्ज होत बसते आणि पलीकडे पोचवायला करंट कमीच उरतो, डीसीत तसं होत नाही, म्हणून हा खर्चिक उद्योग.

आमचा खड्डा बुजवलाय. वरचा एक पेव्हर ब्लॉक मात्र डगडगतोय, रात्री कोणाची स्कूटर गेली की वाजतो, ठक्.