वर्गातला कांद्याचा लिलाव

आमच्या शाळेपासून लासलगावची बाजार समिती जवळ आहे. बाजार चालू असला की रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असते. माझ्याकडे सातवीचा वर्ग, मुलं २४. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे ही मुलं सातवं वर्ष इंग्रजी शिकत होती. ‘व्हॉट इज युवर नेम’ला उत्तर खाडकन यायचं. त्यापुढे काही विचारलं की माना खाली.

संवाद मीही बसवून घेतले होते. हॉटेलातला वेटर, स्टेशनवरचा तिकीटवाला. मुलं पाठ करून यायची आणि घडाघडा म्हणून मोकळी व्हायची. समोरचा काय म्हणतोय ते ऐकायची कुणाला गरजच नव्हती, त्याचंही वाक्य यांना पाठ होतं. मला ते फार खुपायचं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी टोपलीभर उन्हाळ कांदे घेऊन वर्गात गेले. बारा जोड्या केल्या. एकाला शेतकऱ्याची चिठ्ठी: माल किती क्विंटल, कांदा साठवायच्या चाळीत कधी भरला, त्यात खोट काय. दुसऱ्याला व्यापाऱ्याची: माल कसा हवा, भाव जास्तीत जास्त किती देता येईल. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही, हवं ते इंग्रजीत विचारून काढायचं. मी स्वतःलाही एक नियम घातला. मध्ये बोलायचं नाही, चुका वहीत टिपायच्या.

सुरुवातीला नुसती कुजबुज. मग एका कोपऱ्यातून आवाज चढला, “हाऊ मच क्विंटल?” दुसरीकडे, “टू स्मॉल! टू स्मॉल!” गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, इंग्रजीत काय म्हणायचं हे कुणी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी ‘बेबी अनियन’ करून टाकलं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्षभर माझ्याशी इंग्रजीत एक शब्द बोलला नव्हता. वडिलांबरोबर बाजारात जायचं म्हणून अधूनमधून त्याचा खाडा असे. त्याच्या जोडीला वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती. तिने अगदी व्यापाऱ्यासारखा वांधा काढला, “युवर अनियन इज बॅड. सिक्स हंड्रेड.”

तो उठून उभा राहिला. कांदा हातात घेतला, अंगठ्याने पत्ती चोळली. “नो बॅड. सी कलर. सी स्किन. ड्राय.”

“सेव्हन हंड्रेड.”

“नो. माय फादर नाइट वॉटर. लाइट कम नाइट. व्हेरी कोल्ड. आय टॉर्च.”

हे कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची येते. ऐन थंडीत बाप वाफ्यांना पाणी भरतो आणि पोरगं बॅटरी धरून बांधावर उभं राहतं. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे ठाऊक होतं, पण ते इंग्रजीत सांगता येतं हे कुणाला माहीत नव्हतं. आजूबाजूच्या जोड्या बोलायच्या थांबल्या. माझा पेन हातातच राहिला. चारही वाक्यांत चूक होती आणि मी एकही टिपली नाही.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हाऊ मेनी नाइट?”

“मेनी. ऑल जानेवारी.”

“ओके. नाइन हंड्रेड.”

तिच्या चिठ्ठीवर हद्द साडेआठशेची होती. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारून त्याचीच वाक्यं फळ्यावर घेतली आणि सगळ्या वर्गाने मिळून ती नीट केली. ‘माय फादर वॉटर्ड द अनियन्स अ‍ॅट नाइट. आय हेल्ड द टॉर्च.’ त्याने ती वहीत उतरवून घेतली, सावकाश, ‘हेल्ड’ दोनदा गिरवून.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. मंगळवारी प्रार्थनेआधीच वर्गाच्या दारात उभा.

“काय रे, काय भाव मिळाला?” मी मराठीतच विचारलं.

“इलेव्हन हंड्रेड, मॅडम. वन मॅन से बॅड. आय सेड, नो बॅड, सी स्किन.” मग थोडा थांबून म्हणाला, “मराठीत सेड.”