हत्तीला दोन तास पुरतात, मग माणसाला का नाही?

झोपेत मेंदू विश्रांती घेत असेल, तर हत्तीच्या एवढ्या मोठ्या मेंदूला आपल्यापेक्षा अधिक झोप लागायला हवी ना, हा प्रश्न मला जीवशास्त्र शिकवताना विद्यार्थी आणि पालक दोघेही नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आफ्रिकी हत्तीचा मेंदू साडेचार-पाच किलोंचा असतो आणि त्यात सुमारे २५७ अब्ज चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या ८६ अब्जांच्या आसपास भरतात. मात्र हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के चेतापेशी अनुमस्तिष्कात, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या मागच्या भागात असतात. विचार आणि नियोजन ज्यावर मुख्यतः अवलंबून असते, त्या कॉर्टेक्समध्ये हत्तीच्या वाट्याला ५.६ अब्ज येतात, तर आपल्या वाट्याला १६ अब्ज. वजनावरून मेंदूंची तुलना करू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

झोपेचा हिशेब तर मेंदूच्या आकारापेक्षा पोटावर आणि भीतीवर अधिक अवलंबून असतो. बोत्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानात दोन कळपप्रमुख हत्तिणींच्या सोंडेत हालचाल टिपणारे लहानसे उपकरण बसवून संशोधकांनी नोंदी घेतल्या आणि २०१७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. जागा हत्ती सोंड फार वेळ स्थिर ठेवत नाही, म्हणून सोंड पाच मिनिटे किंवा अधिक काळ निश्चल राहिली की हत्तीण झोपली असे त्यांनी धरले. सरासरी झोप निघाली दिवसाला दोन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक वेळा उभ्यानेच. हत्तिणी आडव्या होत त्या तीन-चार दिवसांतून एकदा. कधी तर ४६ तास त्यांचा डोळा लागला नाही. गवत आणि पाल्यातून पोषण थोडे मिळते, त्यामुळे एवढे मोठे शरीर पोसण्यासाठी हत्तीला बहुतेक सारा वेळ चरण्यात घालवावा लागतो. बंदिवासातले हत्ती याहून बरेच अधिक झोपतात. आळशी म्हणून बदनाम झालेला, झाडावर राहणारा स्लॉथ हा प्राणीदेखील पिंजऱ्यात सोळा तासांच्या आसपास झोपतो, पण पनामाच्या जंगलात त्याची झोप मोजली तेव्हा ती दहा तासांहूनही कमी भरली. प्राणिसंग्रहालयातल्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

झोपेत मेंदू स्वस्थ पडून असतो, हेही खरे नाही. उंदीर जागेपणी जिथे जिथे फिरला, त्या जागांशी निगडित चेतापेशी त्याच्या झोपेत पुन्हा एकत्र उद्दीपित होतात, हे विल्सन आणि मॅकनॉटन या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. डॉल्फिनला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते, म्हणून त्याच्या मेंदूचा एक गोलार्ध गाढ झोपला की दुसरा जागा राहतो आणि मग पाळी बदलते.

परीक्षेच्या दिवसांत याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की मग आपणही कमी झोपेची सवय का लावून घेऊ नये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रोज चार किंवा सहाच तास अंथरुणात राहू दिले, तेव्हा त्यांची एकाग्रता एक ते दोन रात्री पूर्ण जागरण केलेल्यांइतकी ढासळली. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली सर्वांत काळजीची बाब मी मुलांना मुद्दाम सांगतो : दिवसागणिक चुका वाढत असतानाही त्या माणसांना आपल्याला थोडीशीच झोप येते आहे असे वाटत होते.