तुम्ही विचारलंत म्हणून : शंभराव्या नंबरचं काय?

क्रीडापानावर बावीस वर्षं काढलीत असं कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग तुम्हीच सांगा, या स्टार खेळाडूंमुळे खेळाचं भलं झालं की वाटोळं?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. कुणाला आपल्या लाडक्या खेळाडूचं कौतुक ऐकायचं असतं, कुणाला पैशानं खेळ नासला यावर शिक्कामोर्तब हवं असतं. पूर्वी मी दोन वाक्यांत वेळ मारून न्यायचो. आता नीट सांगतो, कारण हा प्रश्न माझ्याही डोक्यातून जात नाही.

स्टारनं किती जिंकलं आणि किती कमावलं, हे मी आता शेवटी बघतो. आधी बघतो ते त्याच्या खेळात शंभराव्या नंबरवर असलेल्या खेळाडूकडे, ज्याचं नाव निकालांच्या यादीत बारीक टायपात येतं. या स्टारमुळे त्याच्या पदरात काय पडलं?

असं बघायला मला एका मथळ्यानं शिकवलं. ३१ मे २००९, रविवार. फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत रॉबिन सॉडर्लिंगनं राफेल नदालला हरवलं. नदालनं ती स्पर्धा ओळीनं चार वेळा जिंकलेली, तिथे ३१ सामन्यांत एकदाही हरलेला नव्हता. सॉडर्लिंगला २३वं मानांकन. त्याआधी एकाही ग्रँड स्लॅममध्ये तो तिसऱ्या फेरीपुढे गेला नव्हता, आणि काही आठवड्यांपूर्वीच रोममध्ये याच नदालनं त्याला ६-१, ६-० असं धुतलं होतं. वृत्तसंस्थांकडून दोन चांगले फोटो आले होते. एकात सॉडर्लिंगची मूठ आवळलेली, दुसऱ्यात नदाल मान खाली घालून बाहेर चाललेला. मी दुसरा उचलला, चार कॉलम लावला आणि वर मथळा दिला : 'नदाल पडला!' पान सोडण्याआधी आमचे ज्येष्ठ सहकारी प्रिंटआउट हातात घेऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बातमी वाचली आणि विचारलं, "अरे, पण जिंकलं कोण?"

विजेत्याचं नाव बातमीच्या तिसऱ्या ओळीत होतं. पान तसंच गेलं, वेळ उरली नव्हती. पण त्या दिवसापासून मी कुठलाही मोठा निकाल बघतो तेव्हा ती तिसरी ओळ शोधतो.

स्टार येतो तेव्हा पैसा येतो, यात वाईट काही नाही. टायगर वूड्सनं १९९७ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी ऑगस्टाच्या मैदानावर मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली, तीही १२ फटक्यांच्या फरकानं. ज्यांनी कधी गोल्फ बघितला नव्हता ते टीव्हीसमोर बसले. तो व्यावसायिक झाल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक गोल्फ-मालिकेच्या बक्षिसांची एकूण रक्कम तिपटीहून जास्त झाली. त्या पैशावर आयुष्यात एकही स्पर्धा न जिंकलेल्या कितीतरी गोल्फपटूंची घरं उभी राहिली. हे ऋण खरं आहे. पण याच गोष्टीची दुसरी बाजू माझ्या मनात जास्त रुतून बसली आहे. वूड्सच्या लांब फटक्यांपुढे मैदान फारच छोटं पडायला लागलं म्हणून ऑगस्टानं ते लांबवायला घेतलं. १९९७ मध्ये ६,९२५ यार्डांचं असलेलं मैदान २००२ पर्यंत ७,२७० यार्डांचं झालं. त्या लांबवलेल्या मैदानावर २००२ ची मास्टर्स कुणी जिंकली? वूड्सनंच. एका माणसाला आवर घालायला भिंत उंच केली आणि तो तीवरून सहज उडी मारून गेला. अडले ते ज्यांचा फटका मुळात तेवढा लांब जात नव्हता ते.

आणि कधीकधी पैसा येतो, गर्दी येते आणि मागे काहीच उरत नाही. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी फुटबॉल क्लबकडून खेळायला गेला. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांच्या एका सामन्याला ७७,६९१ माणसं होती, तेही फुटबॉल ज्या देशाचा खेळच नव्हता तिथे. मग प्रत्येक क्लबला आपापला पेले हवासा झाला. उतरणीला लागलेले परदेशी तारे मोठ्या रकमा मोजून आणले गेले. १९७८ मध्ये तिथली लीग २४ संघांपर्यंत फुगली आणि १९८४ च्या हंगामानंतर बंदच पडली. पेले मनापासून खेळला होता, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्याला बघून ज्या पोरांनी चेंडूला पाय लावला, ती मोठी झाली तेव्हा त्यांना खेळायला पहिल्या दर्जाची लीगच नव्हती. तशी लीग पुन्हा उभी राहायला १९९६ उजाडलं.

पैशाचं हे असं. खेळाडूच्या वृत्तीचा परिणाम मात्र मला याहून खोल वाटतो, आणि तो आमच्या पानावर सहसा येत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

जून १९७३ घ्या. निकोला पिलिच हा युगोस्लाव्हियाचा टेनिसपटू. डेव्हिस कपमध्ये देशाकडून खेळायला नकार दिला असा ठपका ठेवून त्याच्या देशाच्या संघटनेनं त्याला नऊ महिने निलंबित केलं. आंतरराष्ट्रीय महासंघानं ती शिक्षा एका महिन्यावर आणली, पण नेमका तो महिना विम्बल्डनचा होता. पिलिच त्याच महिन्यात फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळलेला, म्हणजे अगदीच कुणी ऐरागैरा नव्हता, पण विम्बल्डनची तिकिटं काही त्याच्या नावावर खपत नव्हती. खेळाडूंची संघटना, एटीपी, स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. पिलिच नाही तर आम्हीही नाही, असं तिनं ठरवलं. ८१ जणांनी माघार घेतली, त्यात १६ पैकी १३ मानांकित होते.

त्यात स्टॅन स्मिथ होता, गतविजेता. त्यात केन रोजवॉल होता. वय ३८, बाकी सगळं जिंकलेला, फक्त विम्बल्डन राहिलेलं. त्याच्याकडे किती वर्षं उरली असतील? पुढच्या वर्षी तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरला. स्मिथलाही ते विजेतेपद पुन्हा मिळालं नाही. हे दोघं खेळले असते तर त्यांना नावं ठेवायला फारसं कुणी पुढे आलं नसतं. माघार न घेतलेल्या बड्या खेळाडूंपैकी नास्तासे खेळला, कोडेश खेळला आणि जिंकलाही. पण उद्या एखाद्या पाऊणशेव्या क्रमांकाच्या खेळाडूवर संघटना मनमानी करायला निघाली, तर तिला दहादा विचार करावा लागेल, ही सोय त्या ८१ जणांनी करून ठेवली. मला विचाराल तर स्मिथची सर्वांत मोठी कामगिरी ही, आणि विक्रमांच्या यादीत तिला जागा नाही.

त्याच सुमारास लंडनमधल्या एका हॉटेलात महिला खेळाडूंची बैठक चालली होती. अमेरिकेची अव्वल टेनिसपटू बिली जीन किंग हिनं उंचनिंच सहकारी बेटी स्टोव्हला दाराशी उभं केलं आणि निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर जाऊ द्यायचं नाही असं बजावलं. दार उघडलं तेव्हा डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिसपटूंची संघटना, जन्माला आली होती. किंगला तोवर नाव, पैसा, विजेतेपदं, सगळं मिळालं होतं. १९७२ मध्ये यूएस ओपन जिंकल्यावर तिला १०,००० डॉलर मिळाले आणि पुरुष विजेत्या नास्तासेला २५,०००. तिनं सांगून टाकलं की बक्षीस सारखं झालं नाही तर पुढच्या वर्षी महिला येणार नाहीत. १९७३ पासून तिथे बक्षीस सारखं झालं. आता हे एकटीच्या जोरावर झालं असतं का? नाही. पण शंभराव्या नंबरची मुलगी 'मी येणार नाही' म्हणाली असती तर आयोजकांनी तिच्या जागी दुसरी बोलावली असती. किंग नसेल तर तिकिटं कोण घेणार, हा प्रश्न होता. स्टारच्या प्रसिद्धीचा असाही उपयोग होतो, म्हणून प्रसिद्धीला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता याच ताकदीचं उलटं टोक. २००४ ची टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत, अठरावा टप्पा. लान्स आर्मस्ट्राँग आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीत, सलग सहावं विजेतेपद जवळपास खिशात. फिलिप्पो सिमिओनी नावाचा इटालियन सायकलपटू पुढे निसटलेल्या गटाकडे झेपावला. एकूण क्रमवारीत तो आर्मस्ट्राँगपेक्षा दोन तासांहून जास्त मागे, म्हणजे त्याच्यापासून धोका शून्य. अशा वेळी आघाडीवीर मागे निवांत बसतो. आर्मस्ट्राँग स्वतः उठला आणि त्याच्या मागे लागला. कारण? सिमिओनीनं डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध उत्तेजकांबाबत साक्ष दिली होती, आणि फेरारी आर्मस्ट्राँगबरोबर काम करत होता. पिवळी जर्सी गटात आहे म्हटल्यावर मागचे संघ हा गट सुटू देणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत. पुढच्यांनी सिमिओनीला मागे जा म्हणून सांगितलं. तो थांबला, आर्मस्ट्राँगही थांबला. दोघं मुख्य घोळक्यात परतले आणि कॅमेऱ्यासमोर आर्मस्ट्राँगनं ओठांवरून बोटं फिरवली, चेन ओढून तोंड बंद करावं तशी.

ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेन. मला त्यात आर्मस्ट्राँगपेक्षा बाकीचे जास्त दिसतात. घोळक्यात परतल्यावर अनेकांनी सिमिओनीलाच शिव्या घातल्या. एका मोठ्या खेळाडूच्या दोन बोटांनी दीडशे माणसांना सांगितलं की इथे कोण बोलतो आणि कोण बोलत नाही. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि त्या वर्षांच्या विजेत्याची जागा रिकामीच ठेवली गेली. कागदावरचं नाव खोडता आलं. त्या काळात ज्यांनी सुई टोचून घ्यायला नकार दिला आणि म्हणून ज्यांचं करिअर संपलं, त्यांना ती वर्षं कोण परत देणार? त्यांची नावं आमच्या पानावर बारीक टायपातसुद्धा आली नाहीत.

२०२१ मध्ये जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका हिनं फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदेला यायचं नाही असं जाहीर केलं. पहिला सामना जिंकल्यावर तिला १५,००० डॉलर दंड झाला आणि पुढेही असंच केलंस तर स्पर्धेबाहेर काढू, अशी तंबी चारही ग्रँड स्लॅमनी मिळून दिली. ती स्वतःच बाहेर पडली आणि २०१८ पासून आपल्याला नैराश्याचे दीर्घ झटके येतात, हे तिनं लिहून सांगितलं. आमच्या धंद्यात ते अनेकांना झोंबलं, मलाही झोंबलं. प्रश्न विचारणं हे आमचं काम आहे आणि ते मी आजही गरजेचं मानतो. पण त्याच वर्षीच्या यूएस ओपनमध्ये आयोजकांनी खेळाडूंसाठी शांत खोल्या उघडल्या, मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ उपलब्ध करून दिले. ती सोय सगळ्यांसाठी होती. पहिल्याच फेरीत हरून, प्रशिक्षकाचा पगार कुठून द्यायचा या विचारात असलेल्या मुलीसाठीही.

तेव्हा मला सॉडर्लिंग आठवला. नदालला हरवून तो त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेला, पुढच्या वर्षीही गेला. २०११ मध्ये, २६ व्या वर्षी, एक स्पर्धा जिंकून तो आजारी पडला आणि पुन्हा कधी खेळलाच नाही. कित्येक वर्षांनी त्यानं सांगितलं की तेव्हा तो आतून पार खचला होता, भीतीचे झटके यायचे, आणि हे तो कुणाशी बोलू शकला नव्हता. ओसाकासारखं कुणी त्याच्या आधी बोललं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी किती ताणावा कळत नाही.

२००९ चं ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. कागद पिवळा पडलाय, घडी बरोबर नदालच्या फोटोवरून गेलीय. तिसऱ्या ओळीतल्या नावाखाली मी पेनानं रेघ मारून ठेवलीय.